शिफारसपत्र, सर्वांसमक्ष

“उमेदवारातले दोष लिहा म्हणे! फुकट शिकवणार आणि वर दोष विचारणार. स्प्रिंग विकत घेताना तरी कुणी विचारतं का, की बाबा रे, ही कुठे मोडेल ते आधी सांग?”

काका हे स्वतःशीच पुटपुटले. पण त्यांचं तोंड आणि फिरकीचा कान यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी होती, बस. तीही आजोबांच्या वेळची. आता तिच्यात लाकूड कमी आणि सवय जास्त.

“विचारतात ना, काका,” फिरकी पलीकडून म्हणाली. “त्यालाच तपासणी म्हणतात.”

“तू ऐकतेयस?”

“नाही.”

“मग ठीक आहे.”

फळीच्या एका बाजूला कारखान्याचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला पॅकिंगची खोली. फिरकी तिथे भरलेल्या खोक्यांवर पाय वर घेऊन बसली होती, आणि तिला तिथे बसवलं होतं ते तिने काही ऐकू नये म्हणूनच. शिष्यवृत्तीवाल्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: शिफारसपत्र गोपनीय आहे, उमेदवाराच्या वरिष्ठांनी ते स्वतः भरावं आणि उमेदवाराला दाखवू नये. फिरकीचे वरिष्ठ म्हणजे काका. सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली इंजिनीअर होती, त्याआधी वीस-बावीस वर्षं पुतणी.

आता ‘गोपनीय’ म्हणजे काय हे या घराला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण इथे एक रीत होती. आजोबांनी हा स्प्रिंगांचा कारखाना काढला तेव्हा त्यांना तारेची जाडी डोळे मिटून बोटांनी कळायची, आणि अक्षर मात्र एकही नाही. एकदा कुणीतरी भलत्याच कागदावर त्यांचा अंगठा घेतला, तेव्हापासून त्यांनी नियमच केला. कारखान्यातून बाहेर जाणारा कागद घरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, ज्याला खटकेल त्याने ‘थांब’ म्हणायचं. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी नळाच्या तक्रारीचा अर्जसुद्धा सर्वांसमक्ष वाचल्याशिवाय जात नव्हता. त्यामुळे हे गोपनीय पत्रही सगळ्यांनी बसून लिहायचं, असं कुणी ठरवलं नाही. सुटीचा दिवस, दुपारी सव्वातीनला जो तो आपापली खुर्ची ओढून बसला, इतकंच. आणि नियमाचा मान राखायला म्हणून फिरकीला फळीपलीकडे धाडलं.

फक्त तिची आई नव्हती. तिची दवाखान्यात ड्यूटी होती. सकाळी निघताना ती एवढंच म्हणाली होती, “पाचला मुदत संपते. आधी पाठवा, मग भांडा.”

“वाच गं,” काका म्हणाले.

आत्याने घसा साफ केला. तिची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. आवाज अजून असा, की ‘थांबा’ म्हटलं तर रस्त्यावरच्या गाड्या थांबाव्यात. कारखान्याचे सगळे कागद तीच वाचायची. आज तर ती नेहमीपेक्षा सूर चढवून वाचत होती, तोंड सरळ फळीकडे करून.

“प्रश्न पहिला. आपण उमेदवाराला किती काळापासून ओळखता?”

“जन्मापासून,” काका म्हणाले. “लिही रे.”

टाइप करायला मालक बसला होता. मालक म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. तीन दिवसांचा असताना आजोबांनी त्याला दुपट्यासकट आणून बंद लेथवर ठेवलं आणि सगळ्या कामगारांना सांगितलं, “हे बघा, मालक आले.” ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो चौतीस वर्षांचा होता, तीन जिल्ह्यांत माल पोचवायचा, आणि गिऱ्हाइकं त्याला ‘मालक’ म्हणत तेव्हा त्यांना ते आडनावच वाटे.

“थांब,” आत्या म्हणाली. “जन्मापासून काय? त्यांना नोकरीतलं हवंय. सहा वर्षं लिही.”

“जन्मापासून, त्यांपैकी सहा वर्षं नोकरीत,” काका म्हणाले. “खोटं का लिहायचं?”

मालकाने तसंच टाइप केलं.

“प्रश्न दुसरा. उमेदवाराशी आपलं नातं असल्यास नमूद करा.”

“काका.”

“थांब. काका हे नातं झालं, भाऊ. पण कसले काका? उगाच त्यांना वाटायचं, शेजारचे.”

“सख्खे!” पलीकडून आवाज आला.

“ही ऐकतेय,” काका म्हणाले.

“छे,” आत्या म्हणाली. “आपल्याच बोलण्याचा आवाज घुमतो इथे.”

दाराशी स्टूलवर बसलेले बाबा गालातल्या गालात हसले. फिरकीचे बाबा भट्टी सांभाळायचे. गुंडाळलेली तार भट्टीत घालायची, ती कुठल्या रंगाला आली की बाहेर काढायची हे त्यांना ठाऊक. बाकी जगातलं सगळं काही त्यांच्या मोठ्या भावाला ठाऊक, अशी त्यांनी लहानपणीच वाटणी करून टाकली होती. बंद खोलीत त्यांना गुदमरायचं, म्हणून ते कायम दाराशी. भाऊ जे म्हणेल त्यावर मान हलवणं हे त्यांचं घरातलं काम, आणि ते त्यांनी पन्नास वर्षं चोख केलं होतं.

“प्रश्न तिसरा. उमेदवाराचे तीन विशेष गुण.”

इथे गाडी अडली. गुण नव्हते म्हणून नव्हे. या घरात माणसाला तोंडावर चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती, आणि फळीपलीकडे तोंड बसलेलं होतं.

“तू सांग,” काका भावाला म्हणाले. “बाप आहेस.”

बाबांनी बराच विचार केला. “भट्टीचं दार वेळेवर लावते,” ते म्हणाले.

“झालं! हिला आता दोन वर्षं बिझनेस शिकवतील, भट्टीचं दार लावते म्हणून!” आत्याने कपाळाला हात लावला. “अरे, हिने ती तपासणीची पद्धत बदलली ते सांगा. आधी आपण दहातली एक स्प्रिंग दाबून बघायचो. हिने चोवीस तास दाबून ठेवायची घोडी बनवली. गिऱ्हाइकाकडून माल परत यायचा थांबला तो कुणामुळे?”

“ते आहे,” काका म्हणाले. “लिही.”

मालक लिहू लागला. त्याची बोटं भराभर चालायची. लहानपणी त्याला पेटी शिकवली होती, त्याचा एवढाच उपयोग झाला. तेवढ्यात पडद्यावरचं पान गेलं आणि त्या जागी दुसरंच आलं. बराच वेळ काही न केल्यामुळे तुम्ही बाहेर पडला आहात, पासवर्ड टाका.

काकांचा ईमेल फिरकीने उघडून दिलेला. पासवर्ड तिलाच ठाऊक.

“आता?” काका म्हणाले. “ती आत आली तर तिला दिसणार.”

“नाही दिसणार,” पलीकडून उत्तर आलं. पाठोपाठ दार उघडलं आणि फिरकी एक हात डोळ्यांवर, दुसरा भिंतीवर ठेवून आत आली. आत्याने तिला दंडाला धरून कळफलकापर्यंत नेलं. तिने डोळ्यांवरचा हात काढला खरा, पण डोळे मिटलेलेच ठेवून दहा अक्षरं टाइप केली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

“झालं? उघडलं?”

“उघडलं. जा आता.”

“काकू, चहा आहे का?”

“आहे. तुला पलीकडे देते,” काकू म्हणाल्या.

काकू खिडकीखालच्या बाकावर बसून मालाच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होत्या. सुटी असो नसो, त्यांचे हात रिकामे नसायचे. काकू फारसं बोलायच्या नाहीत. ‘थांब’ तर त्यांनी या खोलीत कधीच म्हटलं नव्हतं. पस्तीस वर्षं कागद ऐकत होत्या, चिठ्ठ्या बांधत होत्या.

फिरकी पुन्हा खोक्यांवर जाऊन बसली. चहाचा कप मांडीवर. प्रवेश मिळाला होता. मुलाखत झाली होती. शिष्यवृत्तीवाल्या बाईंनी शेवटी म्हटलंही होतं, “तुमच्यासारख्यांसाठीच आहे ही, छोट्या कारखान्यातून येऊन छोट्या कारखान्यात परत जाणाऱ्यांसाठी.” राहिलं होतं हे एक पत्र. ते पाचच्या आत गेलं नाही तर शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती नाही तर पदवी नाही, कारण तिची फी म्हणजे कारखान्याच्या नव्या ग्राइंडरची किंमत, आणि ग्राइंडरची गरज सगळ्यांना होती. पत्रातले प्रश्न तिने संकेतस्थळावर आधीच वाचले होते. पहिल्या पाचांची तिला भीती नव्हती. सहाव्याची होती.

तिसरा-चौथा कसेबसे उरकले, पण सहाव्याच्या आधी पाचवा आला.

“प्रश्न पाचवा,” आत्या म्हणाली. “उमेदवाराच्या हातून झालेली एखादी ठळक चूक, आणि त्यातून ती काय शिकली.”

काका खुर्चीत मागे टेकले. दोष लिहायचे म्हणून मघा कुरकुरले होते, पण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. “लिही. आठ महिन्यांपूर्वी खुर्च्यांच्या कारखान्याला गेलेली एक खेप तपासणीत तिच्या हातून सुटली. स्प्रिंगा चार दिवसांत बसल्या. म्हणजे दबून आखूड झाल्या, तेही कंसात लिही, त्यांना कळायला हवं. तीनशे खुर्च्या परत आल्या. त्यानंतर उमेदवाराने...”

कळफलकाचा आवाज थांबला.

खोलीत कुणी ‘थांब’ म्हटलं नव्हतं. आत्या कागदाकडे बघत होती. काकूंच्या हातातली चिठ्ठी अर्धवट बांधलेली राहिली.

ती खेप मालकाने पास केली होती. हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी फिरकी कारखान्यात नव्हतीच. तपासणीला मालक उभा होता, आणि त्याने घोडीवर चोवीस तास न थांबता खेप गाडीत भरली, कारण गिऱ्हाइकाला शब्द दिला होता आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. पुढे खुर्च्यांच्या कारखान्याने लेखी खुलासा मागितला तेव्हा काकांनी ‘तपासणी अभियंत्याची चूक’ असं लिहिलं. कारखान्याच्या पुढच्या धन्याचं नाव अशा कागदावर कसं घालायचं? वाचताना फिरकीसुद्धा हजर होती. ती काही बोलली नव्हती. आणि काकांनी ती गोष्ट इतक्यांना इतक्यांदा सांगितली होती की आता त्यांना स्वतःलाच ती तशी घडल्यासारखी आठवायची. माणूस खोटं एकदाच बोलतो. नंतर नुसतं म्हणत राहतो.

“काय झालं रे? लिही ना,” ते म्हणाले.

“थांब, भाऊ.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बाबा स्टूलवरून उठले होते. उठून काय करायचं हे न सुचून त्यांनी दाराची कडी धरली होती.

“त्या दिवशी ती नव्हती,” ते म्हणाले. “त्या दिवशी ती या शिक्षणाच्याच परीक्षेला बसली होती. मीच सोडायला गेलो होतो. त्यांच्या कागदावर तारीख असेल. त्यांना वाटेल... त्यांना वाटेल आपण खोटारडे आहोत.”

एवढं सलग ते भावासमोर कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना दम लागला, जणू भट्टीचं दार एकट्याने उचललं होतं. काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग काहीच रंग राहिला नाही.

“मग काय लिहू?” काका म्हणाले. “तूच सांग. कोण होतं म्हणून लिहू?”

उत्तर बाबांच्या जिभेवर होतं, पण ते त्यांच्या पुतण्याचं नाव होतं.

“मी होतो,” मालक काकांना म्हणाला. पडद्याकडेच बघत. “सगळ्यांना माहितीय, बाबा. तुम्हालाही. खोडू का हे?”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अंगणात माल पोचवायची गाडी उभी होती, धुऊन पुसून. “खोड,” ते म्हणाले.

“आणि फिरकी,” मालकाने आवाज जरा मोठा केला, “सॉरी गं.”

“मी ऐकत नाहीये,” फिरकी म्हणाली. तिचा आवाज थोडा ओला होता. मग तिला राहवेना. “तीनशे खुर्च्या तू एकट्याने उतरवल्यास ना परत? मग झाली फिटंफाट.”

“दोनशे ब्याण्णव. आठ त्यांनी ठेवून घेतल्या. बुटक्यांना बऱ्या म्हणाले.”

आधी आत्या हसली, मग बाबा, आणि मग काकासुद्धा, नाकातून, मनाविरुद्ध. खोली जरा सैल झाली. चूक म्हणून त्यांनी मग खरीच एक चूक शोधून काढली. पहिल्या वर्षी फिरकीने कामगारांना न विचारता यंत्रांच्या जागा बदलल्या होत्या, आणि तीन दिवस कुणालाच आपलं यंत्र सापडत नव्हतं. ‘यातून उमेदवार आधी विचारायला शिकली,’ असं आत्याने सांगितलं. “अर्धवट शिकली,” काका म्हणाले. तेही लिहिलं.

चार वाजून वीस मिनिटं.

“प्रश्न सहावा आणि शेवटचा.” आत्याने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली आणि मध्येच तो खाली आणला, तीस वर्षांत आणला नसेल इतका. “पदवी घेऊन उमेदवार परत आल्यावर आपल्या संस्थेत तिला कोणतं पद व कोणते अधिकार देणार, हे स्पष्ट लिहा.”

कारखान्यातली घड्याळं सुटीच्या दिवशीही चालतात, ते तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं.

आता गंमत बघा. तासाभरापूर्वी हा प्रश्न आला असता तर आत्या भांडली असती. तिने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: भाऊला कसं गाठायचं, कुठे जोर लावायचा. पण आत्ताच त्या पोराने सगळ्यांसमोर मान खाली घालून ‘मी होतो’ म्हटलं होतं. त्याच्या त्या मानेकडे बघून आत्याचं सगळं भांडण विरघळलं. एकाच दुपारी माणसाला दोनदा कसं उघडं करायचं?

“‘योग्य ती जबाबदारी’ लिहावं,” ती म्हणाली. “छान शब्द आहे. सरकारी कागदात नेहमी असतो.”

“सहाय्यक लिहा,” बाबा घाईने म्हणाले. मघा पुतण्याला अडचणीत आणलं याची टोचणी त्यांना लागली होती, आणि ती घालवायला ते आता पोटची पोरगी देऊ करत होते. “मालकाची सहाय्यक. काय हरकत आहे? घरातलंच आहे.”

“चालेल!” पलीकडून फिरकी ओरडली. जरा जास्तच चटकन. “मला सहाय्यक चालेल, काका! खरंच!”

“तू ऐकत नाहीयेस!” काका ओरडले, पण त्यात राग नव्हता, सुटका होती. “लिही. व्यवस्थापकीय सहाय्यक.”

काकांना वाटलं, निभावलं. त्यांनी फार वर्षं हा प्रश्न असाच निभावला होता. बापाने लेथवर ठेवलेलं ते तीन दिवसांचं बाळ त्यांनी कधी तिथून खाली उतरवलंच नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं का? पोरगं गोड बोलणारं, गिऱ्हाईक जोडणारं, रस्त्यावर खूश. पण तार हातात दिली की त्याच्या बोटांना काही कळत नाही, आणि कामगाराला कधी ओरडायचं, कधी नाही, हेही नाही. आणि फळीपलीकडची ती? ती यंत्राच्या आवाजावरून सांगायची, बेअरिंग गेलंय. पण दिसतं म्हणून आपल्याच मुलाबद्दल असं बोलायचं, हे बापाच्या तोंडी कुठून यायचं?

मालकाने टाइप केलं. मग त्याचा हात थांबला.

“इथे खाली बारीक अक्षरात आहे काहीतरी,” तो म्हणाला.

“वाच.”

“‘ही शिष्यवृत्ती लघुउद्योगाचं नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. सहाय्यक किंवा अनिश्चित स्वरूपाच्या पदांचा विचार केला जाणार नाही.’”

ते वाचून त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्याला माहीत होतं, काय म्हणायला हवं ते. खेपेची चूक कबूल करणं सोपं गेलं; ती एक दिवसाची होती. ही मालकपणाची चूक चौतीस वर्षांची होती, आणि तीही त्याने केलेली नव्हती, त्याला दिलेली होती. आजोबांनी ज्या कौतुकाने दिली, वडिलांनी ज्या अभिमानाने सांभाळली, ती परत कशी करायची? ‘मला नको’ म्हटलं तर वडिलांना वाटेल, मी त्यांनाच नको म्हणतोय.

चार पस्तीस. फळीपलीकडे फिरकीने रिकामा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. तिने स्वतःला बजावलं की तिला जायचं नाहीये, काय अडलंय, सहा वर्षं गेली तशी आणखी जातील. ते तिला क्षणभरही पटलं नाही. तिला जायचं होतं. आणि परत यायचं होतं, हेच कुणी विचारत नव्हतं. याच भिंतींमध्ये परत यायचं होतं, पण विचारून विचारून काम करणारी म्हणून नव्हे.

“‘भागीदार’ लिहिलं तर?” आत्या म्हणाली.

“भागीदाराला अधिकार काय ते विचारतील,” काका म्हणाले.

“‘सल्लागार’?”

“सल्लागार म्हणजे ज्याचं कुणी ऐकत नाही तो,” बाबा म्हणाले. त्यांनी आज बोलायचंच ठरवलं होतं.

काकू खिडकीपाशी बसून हे ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांना रोजच्या सकाळी आठवत होत्या. घराच्या ओट्याशी उभं राहिलं की हे अंगण दिसतं. मालक रोज आठला येतो, गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि उतरत नाही. दहा मिनिटं, कधी पंधरा, स्टिअरिंगवर हात ठेवून कारखान्याच्या दाराकडे बघत बसतो. मग खोल श्वास घेऊन उतरतो. आणि माल घेऊन बाहेर पडायचं असलं की तोच पोरगा शीळ घालत गाडीत चढतो. आईला काय, मुलाच्या पाठीवरून कळतं. पण त्यांना वाटायचं, हे आपण म्हटलं तर लोक म्हणतील, सख्ख्या आईने मुलाचा घास काढून दुसरीच्या पोरीला दिला. आणि न म्हणावं तर? तर तो आणखी तीस वर्षं असाच गाडीत बसेल.

त्यांनी हातातली पिशवी बाजूला ठेवली. दोऱ्याचा गुंडा पदरात होता, तोही ठेवला. रिकाम्या हातांनी बसलेल्या काकूंना या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून आधी आत्याचं लक्ष गेलं, मग एकेकाचं.

“अहो,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“सहाय्यक खोडा.”

“खोडून काय लिहू?” काकांचा आवाज चिरकला. “सुचवतेस का तू काही?”

“हो.” त्या मालकाकडे वळल्या. “बाळा, तुझी मी आई आहे. मी म्हटलं तर तुला लागेल, पण सलणार नाही. सलणार नाही ना?”

मालकाने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा चेहरा उजळत चालला होता. कुणीतरी खांद्यावरचं खोकं उचलून घेतंय हे कळल्यावर हमालाचा उजळतो तसा.

“मग मी सांगते तसं लिही,” काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण पलीकडे फिरकी खोक्यांवरून उतरून उभी राहिली होती, आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. “लिही, की आमच्या मुलाला हा कारखाना चालवता येत नाही आणि त्याला तो चालवायचाही नाही, हे आम्हाला सगळ्यांना कधीपासून माहीत आहे. ती शिकून परत आली की कारखाना ती चालवेल, सगळ्या अधिकारांसकट. आणि आमचा मुलगा तिच्या हाताखाली गाडी चालवेल. आनंदाने.”